कौशल्याबाईंच्या नजरेचं कडं

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण. माझ्या डाव्या काचेत बुरशी आहे. ती कशी लागली, तेवढंच सांगते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते बिबवेवाडीत, कौशल्याबाईंच्या गळ्यात. त्या शाळेत शिकवायच्या आणि रविवारी एका गटाबरोबर पक्षी बघायला जायच्या. मोतीबिंदू काढल्यावर त्यांच्या दोन डोळ्यांत फरक पडला. म्हणून त्यांनी माझ्या उजव्या नळीवरचं कडं आपल्या नजरेला जुळवलं आणि पुन्हा कधी हलवलं नाही. घरी आल्या की मला पुसून उघड्यावर, वाऱ्याला ठेवायच्या.

त्यांचे यजमान उत्तरेश्वर म्हणायचे, "पाखरं बघायला पाचला उठायचं? आपल्या खिडकीत कबुतरं काय कमी आहेत?"

"झोपा तुम्ही. पोहे झाकून ठेवलेत."

संध्याकाळी त्या दिसलेल्या पक्ष्यांची नावं सांगायच्या. उत्तरेश्वर पेपर वाचत नुसतं हं हं करायचे.

कौशल्याबाई तापाने आठ दिवसांत गेल्या. मला कुणी हात लावू नये म्हणून उत्तरेश्वरांनी मला पिशवीत घालून कौशल्याबाईंच्या साड्यांमध्ये ठेवून कपाटाला कुलूप घातलं. दोन पावसाळे मी तिथेच होते. पिशवी दमट झाली. दोन्ही नळ्यांतलं चित्र स्पष्ट करणारं मधलं चाक गंजून बसलं. काचेच्या आत पांढरे धागे उगवले आणि ते काच खाऊ लागले. मला हाक मारता येत नव्हती.

मग जानेवारीत गटाच्या प्रियदर्शनीताई घरी आल्या. "काका, कोकणात खाडीकाठच्या अभयारण्यात चाललोय. तीन लहान फेऱ्या आहेत, दमणार नाही तुम्ही. काकूंना तिथे जायचं राहून गेलं."

उत्तरेश्वरांनी कुलूप काढलं.

पहिली फेरी तिवरांच्या झाडीतल्या लाकडी वाटेवर होती. त्यांनी मला डोळ्यांना लावलं. सगळं धुरकट.

"उजवीकडचं कडं फिरवा ना काका," कुणीतरी म्हणालं.

"हात लावायचा नाही! तिच्या नजरेचं आहे ते. तिला असंच दिसायचं."

कौशल्याबाईंना लख्ख दिसायचं, हे मला ठाऊक होतं, पण सांगता येत नव्हतं.

दुसरी फेरी मिठागराच्या बांधावर. बाकीचे रोहित पक्षी मोजत होते. उत्तरेश्वर माझ्यातल्या धुक्याकडे बघून म्हणाले, "दिसले, दिसले."

जेवणाच्या वेळी प्रियदर्शनीताईंनी मला मागून घेतलं आणि उलटी करून आभाळासमोर धरलं.

"काका, काकूंना असं नव्हतं दिसत. ही बुरशी आहे. बंद कपाटात होती का?"

उत्तरेश्वर बांधावर बसले. "मी जपून ठेवली होती," ते म्हणाले. "कुलपात."

तिसरी फेरी खाडीच्या मुखाशी होती. डाव्या नळीतून काहीच दिसणार नव्हतं. मधलं चाक फिरत नव्हतं, म्हणून उजवीतून दिसलं असतं ते फक्त कडं फिरवल्यावर. उत्तरेश्वरांनी खिशातून घराची किल्ली काढली आणि कडं जिथे होतं तिथे एक रेघ ओरखडली. मग कडं फिरवलं. ते इतकं घट्ट होतं की त्यांची बोटं लाल झाली.

चिखलात एक काळापांढरा पक्षी उभा होता. पाय लांब, गुलाबी.

"हा कोण?"

"शेकाट्या. अगदी नेहमीचा. काकू किती वेळा बघायच्या!"

"हो. सांगायची ती," उत्तरेश्वर म्हणाले. "मी पेपर वाचत होतो."

पुण्यात दुरुस्तीवाल्याने सांगितलं, डावी काच गेली. आता मी खिडकीपाशी उघड्यावर असते. कधी कधी उत्तरेश्वर कडं त्या रेघेवर आणून बघतात. त्यांना सगळं धुरकटच दिसतं. मग ते परत आपल्या नजरेला जुळवून घेतात.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू कुलपात घालू नका. पुसा, वारा द्या, वापरा. आणि घरात कुणी पाखराचं नाव सांगत असेल, तर हातातला पेपर खाली ठेवा.