नऊशे पत्रांतले एक अक्षर

मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिले नसेल. मागच्या आठवड्यात नकाशा न्यायला आलेल्या दोन मुली माझ्यासमोर थांबल्या. एक म्हणाली, "हे शिलाई मशीन आहे." दुसरी म्हणाली, "नाही गं, रसाचं आहे. हँडल बघ की." शाळेत चाळीस वर्षे काढली आणि शेवटी मी रसाचे मशीन ठरलो. वाईट वाटले, पण खोटे कशाला सांगू, थोडे हसूही आले.

तर आधी ओळख करून देतो. माझ्या पोटात एक लोखंडी ड्रम आहे. त्यात काळी शाई भरतात. टाइपरायटरची रिबन बाजूला सारून मेणकागदावर टाइप केले की अक्षरांच्या जागचे मेण कापले जाते. त्या मेणकागदाला स्टेन्सिल म्हणतात. ती माझ्या ड्रमवर ताणून बसवायची आणि हँडल फिरवायचे. एका फेऱ्याला एक कागद बाहेर पडतो.

कारखान्यातून लाकडी खोक्यात बसून मी शाळेत आलो तेव्हा मला बघायला अख्खी शाळा लोटली होती. हँडल फिरवण्याचा मान शिपाईकाकांचा होता. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होत आणि ते त्याच हातांनी कपाळ पुसत. परीक्षा जवळ आली की माझा भाव वधारायचा. खोलीला कुलूप लागायचे आणि एरवी माझ्याकडे ढुंकूनही न बघणारी मुले दाराच्या फटीला डोळा लावायची. सगळे माझी स्तुती करत. पण मला स्वतःचे डोके नाही, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. गणित चुकीचे असले तरी मी ते दीडशे वेळा तितकेच सुबक छापतो. या स्वभावाने एकदा माझा आणि सगळ्या गावाचा घात होता होता राहिला. तीच हकिकत आज तुम्हाला सांगायची आहे.

तेव्हा युद्ध चालू होते. शाळेच्या खिडक्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. व्यायामाचे सर आघाडीवर गेले होते आणि आमच्या टायपिस्टबाईंचा धाकटा भाऊही गेला होता. आईवडिलांच्या मागे बाईंनीच त्याला लहानाचे मोठे केले होते. बाई एरवी फार बोलत नसत, पण टपाल यायच्या वेळी त्यांची बोटे टाइपरायटरवर नुसती टेकलेली असत. पाचव्या महिन्यात त्याचे पत्र आले. "ताई, घरी यायची रजा लांबली. किती लांबली ते कोणी सांगत नाही." बाईंनी ते इतक्या वेळा वाचले की घडीवर कागद फाटायला आला.

त्याच आठवड्यात बातमी आली की सोमवारी देशाचे नेते एकत्र बसणार आहेत आणि लढाई पुढे चालू ठेवायची की शस्त्रे खाली ठेवायची हे तिथे ठरणार आहे. कोपऱ्यावरच्या शिंप्याने विचार मांडला की शस्त्रे खाली ठेवा अशी पत्रे आपण सगळ्यांनी त्यांना पाठवावीत. कोणीतरी म्हणाले, "आपली पत्रं कोण वाचतंय?" शिंपी म्हणाला, "एक पत्र बाजूला टाकता येतं. पोतंभर पत्रं आली तर ती ठेवायला तरी जागा करावी लागेल ना?" हे सगळ्यांना पटले. शुक्रवारी साडेचारला टपालाची थैली निघत होती. ती गाठली तरच पत्रे सोमवारच्या आत पोहोचणार होती.

मजकूर मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी लिहिला. तो बाईंनी टाइप केला. स्टेन्सिल शेवटचीच उरली होती, म्हणून बाई जपून एकेक अक्षर मारत होत्या. मी पहिला कागद काढला आणि मोठे सर चष्मा पुसून तपासायला बसले. शुद्धलेखनाच्या बाबतीत मोठे सर म्हणजे आमच्या गावचे शेवटचे न्यायालय. "नागरीक" मधली री दीर्घ पडली होती, ती त्यांनी बरोबर पकडली. बाईंनी स्टेन्सिलवर चूक बुजवायच्या लाल औषधाचा ठिपका लावला, फुंकर घातली आणि ऱ्हस्व रि मारली. सर समाधानाने म्हणाले, "आता छापा. नेत्यांकडे अशुद्ध पत्र गेलेलं मला चालणार नाही."

काकांनी हँडल फिरवले आणि मी नऊशे पत्रे छापली. आयुष्यात इतके चांगले काम मी केले नव्हते, असे मला त्या दिवशी वाटले.

शुक्रवारी सकाळपासून शाळेच्या सभागृहात, कार्यालयातल्या माझ्या उघड्या दारासमोरच, रांग लागली. डॉक्टर आले, वकील आले, शिक्षक आले, दुकाने अर्धी उघडी टाकून दुकानदार आले. प्रत्येक जण खाली आपले नाव, पत्ता घाली, सही करी आणि पत्र गठ्ठ्यावर ठेवी. बारा वाजेपर्यंत सगळा गठ्ठा संपत आला. मग भाजीवाल्या आजी आल्या. त्यांना वाचता येत नव्हते. त्या काकांना म्हणाल्या, "आधी वाचून दाखव. काय लिहिलंय ते कळल्याशिवाय मी अंगठा देत नाही."

काका रात्रशाळेत वयाच्या चाळिशीत वाचायला शिकले होते. ते अजूनही ओळीखाली बोट धरून, अक्षराला अक्षर लावून वाचत. "आम्ही सर्व नागरिक आपणांस कळकळीची विनंती करतो की, हे यु-द्ध लां-ब-वा."

"काय?" आजी म्हणाल्या. "परत वाच."

"लां-ब-वा."

"अरे, मी थांबवा म्हणायला आलेय. लांबवायला मी कशाला उन्हात उभी राहीन?"

वकिलांनी गठ्ठ्यातले पत्र उचलले आणि वाचून खाली ठेवले. मग प्रत्येक जण आपापले पत्र शोधू लागला. इतिहासात कोणी मुद्दाम ध चा मा केला होता म्हणतात. आमच्याकडे मुद्दाम कोणीच काही केले नव्हते. नुसता थ चा ल झाला होता, मी तो नऊशे वेळा ठसठशीत छापला होता आणि गावातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी त्याखाली सह्या ठोकल्या होत्या.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याचं पत्र समोर होतं. रजा लांबली, लांबली, हेच डोक्यात घोळत होतं. माझ्याच हातानं मी काय करून बसले." ही पत्रे तशीच गेली असती तर? मला आजही तो विचार आला की ड्रममधली शाई गोठल्यासारखी वाटते.

मोठे सर त्यांच्याजवळ गेले. एवढ्या लोकांसमोर ते म्हणाले, "बाई, चूक माझीही आहे. मी वेलांट्या बघत बसलो." मित्रांनो, मोठ्या सरांनी चूक कबूल केलेली मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकली.

दुसरी स्टेन्सिल नव्हती आणि थैली निघायला चार तास होते. कोणी सुचवले की मुलांना बसवून सगळ्या पत्रांवर दुरुस्ती करून घेऊ. वकील म्हणाले, "नाही. सही ज्याची, खाडाखोडही त्याचीच हवी." मग काकांनी शाळेची घंटा हातात घेतली आणि ती बडवत ते गल्लीगल्लीतून फिरले. लोक परत आले. कोणी पीठ माखलेल्या हातांनी आले, एक जण तर अर्धी दाढी करून आला आणि न्हावी वस्तरा घेऊन त्याच्यामागे. प्रत्येकाने "लांबवा" वर काट मारली आणि वर आपल्या हाताने "थांबवा" लिहिले. पेन हातात आहेच म्हटल्यावर काहींनी समासात आणखीही लिहिले. शिंप्याने लिहिले, "माझे दोन कारागीर परत पाठवा." मोठ्या सरांनी आयुष्यात प्रथमच खाडाखोड केलेल्या कागदावर सही ठेवली. आजींनी काकांकडून दुरुस्ती करून घेतली, तीनदा वाचून घेतली आणि मग अंगठा उमटवला.

बाईंनी आपले पत्र सगळ्यांत शेवटी दुरुस्त केले. साडेचार वाजून गेले होते. पण थैली घेऊन सभागृहातच आलेले पोस्टमास्तर तिचे तोंड बांधायची सुतळी शोधत होते. सुतळी त्यांच्या खिशातून लोंबत होती हे सगळ्यांना दिसत होते, तरी कोणी ब्र काढला नाही. शेवटचे पत्र थैलीत पडले आणि त्यांना सुतळी सापडली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी काकांबरोबर वेळापत्रक छापत होतो. रेडिओवर बातमी लागली. युद्धविराम जाहीर झाला होता. काकांचा हात हँडलवर तसाच थांबला. बाई खुर्चीतून उठल्या, पुन्हा बसल्या आणि टाइपरायटरवर डोके ठेवून रडल्या. आमच्या पत्रांमुळे तो झाला अशी बढाई मी मारणार नाही, कारण इतर ठिकाणांहूनही थैल्या गेल्या होत्या. आमची थैली त्यांच्याविरुद्ध बोलली नाही, एवढ्यानेच मला हलके वाटले.

तीन आठवड्यांनी बाईंचा भाऊ कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बूट बाहेर काढ. फरशी आत्ताच पुसलीय." त्याने मुकाट्याने बूट काढले. मग मात्र बाईंनी त्याला असे घट्ट धरले की काका पाणी आणायचे निमित्त करून बाहेर गेले. मला जाता येत नव्हते, म्हणून मी सगळे पाहिले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस.

नंतर शाळेत झेरॉक्सचे मशीन आले आणि मी नकाशांच्या खोलीत आलो. माझा रोलर कडक झाला आहे, हँडलला गंज धरतो आहे. मित्रांनो, कधी इकडे आलात तर माझ्यावरची धूळ पुसा, दोन थेंब तेल द्या. प्रश्नपत्रिका द्या, सूचना द्या, मी आनंदाने छापीन. तसले पत्र मात्र तुमच्यावर कधी लिहायची पाळी येऊ नये, असे मला मनापासून वाटते. आणि आलीच, तर मला डोके नाही हे विसरू नका. छापण्याआधी ते कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि ऐकणारा "परत वाच" म्हणाला तर कंटाळू नका.