गळ्याचं माप

रंगनाथने बायकोच्या, उज्वलाच्या, गळ्याभोवती टेप धरली, आकडा वाचला आणि डॉक्टर आफियांकडे विजयाने पाहिलं.

"साडेतेरा. औषध सुरू करायच्या आधी चौदा होतं, मॅडम. अर्धा इंच उतरलंय."

देवळाली कॅम्पात तीस वर्षं फौजी वर्द्या शिवणाऱ्याच्या मापावर कुणी शंका घेत नसे. डॉक्टरांनीही घेतली नाही. फक्त स्कॅनचा रिपोर्ट पुढे सरकवला. गळ्यातली उजवी गाठ होती तेवढीच. डावी दुप्पट.

"म्हणजे दोन वेगळे कॅन्सर?"

"एकच, काका. दोन्हीकडचे तुकडे तपासले. जनुकं जवळजवळ सारखीच."

"एकाच ताग्यातले दोन शर्ट सारखेच आटतात, मॅडम."

"कापड आटतं. पेशी जगतात. एखादीला रक्त जास्त मिळतं, एखादी नुसती निजून राहते. पण काकूंची डावीच का पळतेय, ते मला नाही सांगता येत." त्यांनी रिपोर्ट लिफाफ्यात घातला. "औषध बदलून बघू."

बाहेर बाकावर बसल्यावर त्याने पुन्हा टेप काढली. कॉलरचं माप घेताना बोट आपोआप टेपखाली जातं, तसं ते गेलं. पावणेपंधरा.

त्याने टेपखालच्या बोटाकडे पाहिलं.

"पहिल्या वेळी बोट होतं?"

"होतं." उज्वलाने पदर सारखा केला. "नंतर दर वेळी अशी आवळलीत, की आवंढा गिळता येईना."

"मग बोलली का नाहीस?"

"उतरलेला आकडा बघून तुम्ही त्या वाल्मीकला चहा पाजलात. बारा वर्षं शेजारी दुकान, पहिल्यांदाच. म्हटलं, राहू दे."

तो टेपची गुंडाळी करायला गेला. ती दोनदा सुटली.

"आपल्या सायलीचा साखरपुडा दिवाळीनंतर आहे," ती म्हणाली. "मला बंद गळ्याचा ब्लाउज शिवा. व्याह्यांनी गाठींकडे बघायला नको. आणि आजच्या मापावर नका कापू, मोकळा ठेवा."

रंगनाथने खिशातून पेन्सिल काढली, रिपोर्टचा लिफाफा उलटा करून मांडीवर ठेवला.

"किती मोकळा?"

गिऱ्हाइकाला त्याने हे कधी विचारलं नव्हतं. उज्वलाने गळ्याच्या डाव्या बाजूला हात नेला, आणि दोघंही दिवाळीपर्यंतचे आठवडे मोजू लागले.