अंजीर, अक्रोड, जळकी साखर

गेल्या हिवाळ्यातल्या तापाने माझ्या नवऱ्याचं नाक नेलं. चेहऱ्यावर आहे तसंच आहे, उलट जरा जास्तच वर असतं, पण वास म्हणून काही येत नाही. गोड, खारट, आंबट, कडू एवढं जिभेला कळतं, बाकी सगळा अंधार. हे रेस्टॉरंटचे शेफ. शेफला वास येत नाही हे बाहेर कळलं तर कोण ठेवून घेणार? म्हणून आम्ही तोंडाला कुलूप लावलं. मी त्याच किचनमध्ये भाज्या चिरते, प्लेटा सजवते. प्रत्येक पातेल्यात आधी माझा चमचा जायचा, मग यांचा. बाकीचे म्हणायचे, काय जोडी आहे! कसली जोडी, आंधळ्याची काठी नुसती.

अशात मालकीणबाईंनी पोर्ट वाइन ठेवायचं ठरवलं. पोर्तुगालची, दाट, गोड, जेवणानंतर छोट्या ग्लासातून प्यायची. तिच्याबरोबर काय द्यायचं ते शेफने चाखून ठरवायचं, तेही त्यांच्यासमोर. नमुन्याच्या बाटलीतली उरलेली वाइन मी घरी आणली आणि यांची शिकवणीच सुरू केली. बरोबरचा गोड पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा, नाहीतर वाइन आंबट लागते, हे यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. वासाचे शब्द मात्र मी पाठ करून घेतले. अंजीर, अक्रोड, जळकी साखर.

"अहो, आधी हुंगा, मग थांबा, मग बोला. पाढे म्हटल्यासारखं नको."

"तू मला शिकव आता," हे चिडायचे, आणि पुन्हा हुंगायचे.

दुपारची जेवणं उरकल्यावर मालकीणबाई किचनमध्ये आल्या. यांनी बदामाचा कमी साखरेचा केक, खारट, उग्र ब्लू चीज आणि भाजलेले अक्रोड मांडून ठेवले होते. बाईंनी नवी बाटली उघडली आणि तिघांना ओतली. मी ग्लास नाकाशी नेला. भिजून कुजलेल्या पोत्याचा वास! बूच खराब निघालं की वाइन अशी कुबट होते. बाईंच्या कपाळाला आठी पडली होती. मी खोकले, यांच्या पायावर पाय दिला. पण हे डोळे मिटून ग्लासात नाक खुपसून उभे.

"अंजीर," हे म्हणाले. मग थांबले. शिकवलं होतं त्याहून जास्त थांबले. डोळे उघडले तर पाण्याने भरलेले. "अगं, मला येतोय! वास येतोय मला!"

"अहो, गप्प बसा."

"कशाला गप्प? बाई, माफ करा, तुमच्यापासून लपवलं. तापापासून मला काही येत नव्हतं, सगळं हीच चाखायची. पण आज आला! अक्रोडाचासुद्धा आला!"

बाईंनी ग्लास खाली ठेवला. यांच्या पाठीमागून मी बाईंना हात जोडले. बाटलीचं बोलू नका, एवढंच मला म्हणायचं होतं.

"आज रात्रीचं जेवण दुसरं कुणीतरी बघेल," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही दोघं आधी बोलून घ्या." आणि बाहेर गेल्या.

"सुट्टी दिली बघ!" हे हसले. चीजचा तुकडा तोंडात टाकून त्यावर घोट घेतला. "खारट आणि गोड, काय जमलंय! उद्यापासून तुझा चमचा नको हं मधे मधे."

मला वाटलं, असू दे. एक दिवस तरी असू दे. पण उद्या हा माणूस सगळ्यांना सांगत सुटणार, नासलेलं दूध हुंगून लोकांना वाढणार. यांनी पुन्हा ग्लासात नाक घातलं. मग पुन्हा. हसू हळूहळू उतरलं.

"आता येत नाहीये. मघाशी आला होता गं. तुला येतोय ना अंजिराचा?"

मी फडकं घेऊन ओटा पुसायला लागले. यांनी माझा दंड धरला. "खरं सांग."

"बाटली खराब आहे," मी म्हणाले. "कुजलेल्या पोत्याचा वास येतोय. बाईंनाही आला."

यांनी ग्लास खाली ठेवला. मग त्यांनी केकची प्लेट माझ्यापुढे सरकवली.

"आणि याचा? याचा तरी चांगला येतो?"

"छान येतो. बदामाचा, लोण्याचा. शप्पथ, अगदी छान येतो." हे मात्र खरं होतं.

"तुला येतो," हे म्हणाले, आणि त्यांनी अंगातला शेफचा एप्रन काढून माझ्या हातात दिला.