नमुना प्रत, विक्रीसाठी नाही

माझ्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा शिक्का आहे: ‘नमुना प्रत, विक्रीसाठी नाही’. त्यामुळे मित्रांनो, सगळ्यांनी चाळलेलं आणि कोणीच विकत न घेतलेलं असं मी एक पुस्तक आहे. माझे कोपरे झिजून गोल झाले आहेत आणि पाठीचा डिंक सुटू लागला आहे.

मला आसगावच्या तृप्तीनं लिहिलं. डिझाइन शिकून ती पुण्यात औषधांच्या खोक्यांवरची मांडणी करायची. अक्षर केवढं ठेवलं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला गोळीचं नाव वाचता येईल, असले प्रश्न तिला पडत. असं काही काम असतं, हे शाळेत तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण गावात ते कोणाला ठाऊकच नव्हतं. म्हणून गावी परतल्यावर तिनं हे मार्गदर्शक लिहिलं. कुठे शिकायचं, आपल्या कामाचे नमुने कसे जमवायचे, पहिली मुलाखत कशी द्यायची, सगळं त्यात आहे. प्रकाशक मिळाला नाही, तेव्हा तिनं नागपूरला स्वतःच छापून घेतलं. मुखपृष्ठही तिचंच होतं. पांढरंशुभ्र, मधून एक फिकट राखाडी रेघ आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव. तिला ते फार आवडायचं. मलाही.

माझी भावंडं गठ्ठे बांधून घरातल्या धानाच्या खोलीत रचली गेली. मी तिच्या पिशवीत राहिलो आणि गावोगाव हिंडलो. पवनीच्या हिरालाल दुकानदारांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

“गाइड आहे म्हणता. कोणत्या वर्गाचं?”

“कोणत्याच वर्गाचं नाही, काका.”

“मंग परीक्षा कोण घेते?”

भंडाऱ्याच्या एका दुकानात माझ्या काही भावंडांनी मागच्या फळीवर धूळ खाल्ली. महाविद्यालयांनी ग्रंथालयासाठी एकेक प्रत भेट मागितली. पावसाळा सरला, शेतात धान पिवळं पडलं, तरी गठ्ठ्यांचा ढीग तेवढाच होता.

एके सकाळी तृप्तीचे बाबा, परसराम, खोलीच्या दारात उभे राहिले. “पोरी, धान येऊन राहिलं. खोली मोकळी पाहिजे. मंडईपर्यंत वाट पायतो, नाहीतर रद्दीवाल्याले बोलावतो.”

मित्रांनो, आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, म्हणजे एका गावाच्या पाहुण्यांना दुसऱ्या गावी जाता येतं. तृप्तीनं सानगडीची मंडई निवडली. एक गठ्ठा तांदळाच्या रिकाम्या पोत्यात भरून बाबांनीच मोटरसायकलवर आणला आणि ते पाठ फिरवून बसले. शेजारी चंद्रभागाबाईंचं बांगड्यांचं दुकान होतं.

दुपारपर्यंत लोक येत होते आणि एकच विचारत होते, “वही केवढ्याले?” एका काकांनी मला उघडलं आणि लगेच खाली ठेवलं. “इच्यात तं आधीच लिहून आहे!”

चंद्रभागाबाई हसून लोटपोट झाल्या. “घे वं माय! कोरी ठेवली असती तं आतापावतर खपली असती.”

तृप्तीही हसली. मग तिनं मला हातभर लांब धरलं, आणखी लांब धरलं आणि डोळे बारीक केले. दुसऱ्यांच्या औषधांची नावं मोठी करणाऱ्या मुलीनं स्वतःच्या पुस्तकाचं नाव मुंगीएवढं ठेवलं होतं.

“बाबा, ते पोतं द्या इकडे.”

पोत्यावर राइस मिलचा छापा होता, लोंबी चोचीत धरलेला बगळा. तिनं ते मागे टांगलं आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठसठशीत लिहिलं: ‘हा बगळा कोणीतरी काढला. हे काम तुम्हालाही शिकता येतं.’ त्याखाली मला उघडून उभं केलं, पोती, खोकी आणि एसटीच्या पाट्या दाखवणाऱ्या पानावर.

लोक आता थांबू लागले. बगळ्याकडे पाहायचे, मग माझ्याकडे. संध्याकाळी गठ्ठा संपला. तेव्हाच मंदाबाई नावाच्या एक बाई बारावीतल्या मुलीला ओढत आल्या.

“पाह्य, हर्षा, इथं बी चित्रंच! बाई, हे पोरगी साऱ्या वर्गाच्या जर्नलातल्या आकृत्या काढून देते. बेडूक काढ, फूल काढ. कामधंदा नाही.”

“मावशी, हाच कामधंदा आहे,” तृप्ती म्हणाली.

मंदाबाई पुठ्ठ्याकडे पाहत राहिल्या. “खरंच असते का वं असं काम?”

प्रती संपल्या होत्या. उरलो होतो मी, शिक्क्यासकट. हर्षा माझं पान सोडत नव्हती. तृप्तीनं मला मिटलं आणि तिच्या हातात दिलं. “हे विकायचं नाहीच. तू ने.”

हर्षा मला घेऊन निघाली, तेव्हा मागून परसरामांचा आवाज आला. “पोरी, नमुना गेला म्हणून उदास काहून होते? परवा तुह्या मामाच्या गावची मंडई आहे. बाकीचे गठ्ठे तिकडे नेऊ.”

“आणि धान?”

“धान राहते दोन-चार दिवस ओसरीत. झाकून ठेवतो ना मी.”

मित्रांनो, आता मी सानगडीला असतो. माझी पाठ हर्षानं खळीनं चिकटवली आहे. तुमच्याही घरी एखादं पुस्तक असेल. त्याची पाठ सुटली तर चिकटवा, पण जपायचं म्हणून कपाटात मिटून ठेवू नका. माझ्या समासात हर्षा पेन्सिलीनं प्रश्न लिहिते, ते मला आवडतं. तिनं मला वर्तमानपत्राचं कव्हरही घातलं आहे. त्यावर काळ्या शाईनं माझं नाव लिहिलं आहे, चुलीजवळ बसलेल्या मंदाबाईंना दारातून वाचता येईल एवढं मोठं.