न्यूटनचे दोन वाढदिवस

तातेराव सर माइकमध्ये "चूक" म्हणाले आणि मी खुर्चीवरून उठले. उठायला नको होतं, हे मला पुढच्या पाच मिनिटांत कळलं.

दोन हजार दोन साल. वसमतला तालुक्याची प्रश्नमंजुषा होती. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून कुरुंद्याजवळच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि नववीतल्या शितलला घेऊन आले होते. जिंकणाऱ्याला हैदराबादचं तारांगण दाखवायला नेणार होते. तिथली खुर्ची मागं कलते आणि डोक्यावर आकाश फिरतं, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. तेव्हापासून ती बाकावर तशी मागं कलून बसायची आणि दोनदा पडली होती.

शेवटच्या फेरीत ती आणि वसमतचा एक मुलगा, दोघंच उरले. गुण सारखे. प्रश्न आला, न्यूटनचा जन्म कधी झाला? शितलनं हात वर केला आणि सांगितलं, पंचवीस डिसेंबर सोळाशे बेचाळीस. तातेराव सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या हातातल्या मार्गदर्शक पुस्तकात चार जानेवारी सोळाशे त्रेचाळीस होतं. त्या मुलाला काहीच येत नव्हतं.

मी म्हणाले, दोन्ही तारखा बरोबर आहेत, दिवस एकच आहे. सभागृहात हसू पिकलं. मग मी फळ्यापाशी गेले. जुनं कॅलेंडर सूर्याच्या दहा दिवस मागं पडलं होतं. पंधराशे ब्याऐंशीत पोपनं ते दुरुस्त केलं. चार ऑक्टोबरला झोपलेली माणसं पंधरा ऑक्टोबरला उठली. कॅथलिक देशांनी ते मानलं. इंग्लंड प्रोटेस्टंट होतं. तिथल्यांनी पोपला सोडून अर्धं शतक झालं होतं. गणित बरोबर होतं, पण ते पोपनं मांडलं होतं, म्हणून इंग्लंडनं ते पुढं पावणेदोनशे वर्षं स्वीकारलं नाही. न्यूटन जन्मला त्या सकाळी त्याच्या गावात पंचवीस डिसेंबर होता आणि समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये चार जानेवारी.

"मॅडम," तातेराव सर शांतपणे म्हणाले, "पोपचं वसमतमध्ये काय काम?"

दुसरे परीक्षक उकंडराव. त्यांनी विचारलं, मी चर्चमध्ये जाते का. मी नाही म्हणाले. मग एवढी तकलीफ काहून घेऊन राहिल्या, असं त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मागच्या रांगेतून शितलचे वडील भीमसिंग मला मदत करायला उभे राहिले.

"सर, आमच्या तांड्यात समद्यायची जन्मतारीख एक जून हाय. मास्तरनं लिवली ती लिवली. आमी कवा भांडलो का?"

मी त्यांना हात जोडून खाली बसवलं. दहा मिनिटं मी पृथ्वीच्या कक्षेवर बोलले, खडू दोनदा मोडला, आणि एकाही चेहऱ्यावर काही उमटलं नाही. शितल मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती, जणू तिचं हैदराबाद मी त्या फळ्यावर पुसत होते.

तेवढ्यात चहा आणि पोहे आले. तातेराव सरांनी बशी सरकवली, आज एकादशी म्हणाले. उकंडरावांनी दोन्ही बशा स्वतःकडे ओढल्या.

"सर, तुमची एकादशी नाही?" मी उकंडरावांना विचारलं.

"माझी काल झाली. आमी स्मार्त. यायची भागवत, ती आज."

"मग बरोबर कोणती?"

"ज्याची त्याची," तातेराव सर म्हणाले.

"हेच तर मी मघापासून सांगतेय!"

"न्यूटन काय एकादशी करत होता का, मॅडम?"

मी खडू ठेवला.

वाद नको, अजून एक प्रश्न घेऊ, असं तातेराव सरांनी ठरवलं. त्यांनी पान उलटण्याचीही तसदी घेतली नाही. त्याच पानावरून त्यांनी वाचलं, न्यूटनचा मृत्यू कधी झाला?

मी डोळे मिटले. शितलनं हात वर केलेला असणार हे मला माहीत होतं.

"सर," ती म्हणाली, "स्मार्त सांगू का भागवत?"

सगळं सभागृह हसलं. तातेराव सर हसले नाहीत. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि पोटात सकाळपासून काही नव्हतं.

"भागवत सांग."

भागवत म्हणजे नंतरची, नव्या कॅलेंडरातली. ती बोटांवर मोजायला लागली. मधे सतराशे साल येऊन गेलं होतं. ते जुन्या कॅलेंडरात लीप वर्ष होतं, नव्यात नव्हतं, त्यामुळे फरक दहाचा अकरा झाला होता. एकदाच सांगितलं होतं मी तिला.

"एकतीस मार्च सतराशे सत्तावीस."

तातेराव सरांनी पुस्तकात पाहिलं. मी पुढं जाऊन वाकून बघितलं. पुस्तकात वीस मार्च होतं. छापणाऱ्यानं न्यूटनला पोपच्या कॅलेंडरात जन्माला घालून इंग्लंडच्या कॅलेंडरात मारलं होतं. मला रडावं की ओरडावं कळेना.

"पुस्तकात वीस हाय," उकंडराव पोहे खात म्हणाले. "चूक द्या."

"वीस त्यांची स्मार्त," शितल म्हणाली. "सरांनी भागवत विचारली."

तातेराव सरांनी पुस्तक मिटलं. उकंडरावांनी पुन्हा सांगितलं की नियमानं पुस्तकात असेल तेच उत्तर.

"भागवत सांग म्हणलो मी," तातेराव सर म्हणाले. "एकादशीच्या दिवशी पोरीपुढं शब्द फिरवू का?"

त्यांनी गुण दिला. म्हणजे कक्षा, लीप वर्षं, फळाभर आकडेमोड, यातल्या कशानंही काम झालं नव्हतं. काम झालं ते उपासानं. आभार मानायला गेले तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या वर्षी न्यूटन नको, मॅडम. आपले लोक घेऊ."

शितल व्यासपीठावरून धावत आली.

"मॅडम, तारांगणात आकाश कोणत्या तारखेचं दाखवतेत?"

मी तिला आधी पाणी पी म्हणाले.