बिनलशीची कालवड

स्कॉलरशिप मिळाली तेव्हा मी आमच्या अख्ख्या काझो गावात मिरवले होते. गोचीडतापाच्या नव्या लशीवर पीएच.डी., खर्च परदेशी संस्थेचा, शिवाय फिरायला गाडी! आता त्या गाडीत बसायची लाज वाटते.

काम तसं सरळ होतं. चिठ्ठ्या टाकायच्या, निम्म्या वासरांना लस टोचायची, निम्म्यांना नाही, आणि कोण आजारी पडतं ते बघायचं. पण बिनलशीची चिठ्ठी निघाली की लोक वासरू ओढत घरी न्यायचे. "लस नाही तर कानाला भोक कशाला पाडतेस गं बिल्ल्यासाठी?" म्हणायचे. त्यांचं तरी काय चुकलं? इकडे संस्थेची अट अशी, की बिनलशीच्या वासरांचा आकडा जरा जरी घसरला तर पुढचा हप्ता बंद. म्हणजे पीएच.डी. गुंडाळा आणि भावाच्या दुकानात साबण विका.

गावातल्या रुताबिंग्वाबाबांनी तेवढं आपलं वासरू परत नेलं नाही. त्यांच्या कळपातली सगळ्यात देखणी कालवड, गडद तांबडी, नाव बिहोगो. तिची चिठ्ठी बिनलशीची निघाली तेव्हा मीच म्हटलं, "बाबा, हिला न्या. दुसरं एखादं आणा."

"रोडकं वासरू देऊन गावात नाक कापून घेऊ होय गं पोरी?" म्हातारा हसला. "असू दे. तुझीच ती आता."

मी ते हसण्यावारी नेलं. वास्तविक मीही इथलीच. आमच्यात गाय दिली की दोन घरांचं नातं जुळतं, आणि देणाऱ्याने मग त्या गाईच्या बाबतीत तोंड घालायचं नसतं, हे मला काय कुणी सांगायला हवं होतं? पण माझ्या लेखी ती फक्त बिनलशीतलं एक जनावर होती.

गेल्या आठवड्यात बिहोगोच्या कानाखालची गाठ सुजली, अंग तव्यासारखं तापलं. औषध माझ्या गाडीत होतं. आजारी जनावराला ते द्यायची नियमात मुभाही होती. फक्त दिलं की जनावर मोजणीतून बाद. आणि सोमवारी संस्थेची बाई तपासणीला येणार होती.

गाइडना फोन लावला. "नियम तुला माहीत आहेत, तूच ठरव," म्हणाले आणि ठेवून दिला. झाले मोकळे!

बाबा काटेरी कुंपणापाशी काठीवर रेलून उभे होते. औषध दे म्हणाले नाहीत, काही विचारलंही नाही. मी म्हटलं, बरं झालं, म्हाताऱ्याची काही हरकत दिसत नाही. एकदा ती बाई जाऊ दे, मंगळवारी उजाडताच टोचू, अशी मनाची समजूत घातली आणि चक्क जेवले.

सोमवारी आकडा बरोबर भरला, बाई खूश झाली. मंगळवारी इंजेक्शन भरून धावत गेले तर बिहोगोच्या नाकातोंडाला फेस आला होता आणि जीव गेला होता.

काल बाबा माझ्या खोलीवर आले. हातात दावं, दाव्याला एक छोटी कालवड.

"तुझी गाय गेली पोरी, फार वाईट झालं. पण तुझं शिक्षण अडायला नको. ही घे. बिनलशीचीच कमी पडतायत ना तुला?"

मला ते ऐकवेना. "बाबा, औषध माझ्या गाडीतच होतं. मी मुद्दाम दिलं नाही. दिलं असतं तर माझे पैसे अडकले असते."

 बोलता बोलता मी आणखीच बिथरले. "तुम्ही तरी बोलायचं होतंत की! गप्प का उभे राहिलात?" असं वर त्यांच्यावरच ओरडले. इतकी मी निलाजरी.

"गाय तुझी. मी कसा बोलणार?" ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, तुझ्याकडचं औषध संपलं असेल. असताना आपली गाय कोण मरू देईल?"

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. कालवड दारातल्या खांबाला बांधली, गाठ नीट ओढून पाहिली.

"बाबा, हिला तरी घेऊन जा. पाया पडते."

"देतो म्हणून घरी सांगून आलोय. आता मागे नेता येत नाही," ते म्हणाले. "सांभाळा तुम्ही, डॉक्टरीणबाई."

आजवर त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.