तिकडं तुमचं कुणी आहे?

"कासवांची अंडी राखायला जाल?" शेजारची पार्लरवाली मोबाइलवर परदेशातली स्वयंसेवकांची कामं चाळत विचारत होती. "समुद्र आहे हो काकू, मजा येईल!"

समुद्र गेला खड्ड्यात. "गाव कुठलं ते बघ आधी," मी खेकसले.

परदेशी संस्कृती अनुभवायची हौस होती कुणाला? माझी लेक होती त्या देशात, आठवा महिना लागलेली. तेही तिच्या मैत्रिणीकडून कळलं. लेकीनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा तिचे बाबा म्हणाले होते, "आम्हाला तू मेलीस." तेव्हापासून ती आमचा फोन उचलत नाही. व्हिसाला बोलावणं लागतं, आणि मला बोलावणार कोण? स्वयंसेवक म्हणून गेलं तर संस्थाच बोलावते. शेवटी तिच्याच गावातलं काम सापडलं, बायकांना शिवण शिकवायचं, सहा आठवडे. माझा तर उभा जन्म मशीनवर गेलेला.

"पण तिथं नातेवाईक असतील तर घेत नाहीत," पार्लरवालीनं बजावलं. "लोक तिकडंच राहून जातात ना. विचारलं की सरळ नाही म्हणा."

नाही म्हणा! नवरा दोन वर्षं तेच म्हणतोय, "आमचं तिकडं कुणी नाही." दर वेळी मी त्याच्या अंगावर धावून गेलेय.

मुलाखत मोबाइलवरच होती. नवरा आतल्या खोलीत पेपरात तोंड खुपसून बसला होता. माझ्या जाण्यावर त्याचं एकच म्हणणं, "म्हातारपणी चळ लागलाय."

संस्थेची बाई गोड होती, आपल्याच भाषेत बोलत होती. माझं काम तिला पसंत पडलेलं दिसत होतं. "शेवटचा प्रश्न. तिकडं तुमचं कुणी आहे?"

"नाही," मी म्हणाले. "माझं तिकडं कुणी नाही." आणि मेलं रडूच फुटलं.

"कुणी नाही काय?" दारात नवरा उभा होता, पेपर हातात चुरगळलेला. "आपली पोरगी आहे तिकडं! दिवस भरत आलेत तिचे!"

बाईनं ऐकलं. "सॉरी हं काकू," म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी त्याच्या छातीवर बुक्क्या मारत सुटले. "दोन वर्षं दातखीळ बसली होती ना? मग आजच कशी उघडली रे मेल्या? आजच?" तो मार खात राहिला. मग त्यानं माझा मोबाइल उचलला आणि लेकीचा नंबर लावला.

"उचल गं बाळा," तो वाजणाऱ्या रिंगला सांगत होता. "बाबा बोलतोय. उचल."

तिनं उचलला नाही. त्यानं पुन्हा लावला.